मामाजींचा स्वेटर

तेलंगणात कसली आलीय थंडी, असं विचारणाऱ्याला मी डिसेंबरात आदिलाबादला बोलावते. मागच्या हिवाळ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, मोठ्या दुखण्यातून वाचून घरी आले. पण खाट सोडायला तयार नव्हते. जेवा म्हटलं तरी नको, उन्हात बसा म्हटलं तरी नको. दिवसभर भिंतीकडे तोंड. मला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला.

मापाला टेप काढला तर सासूबाई अंगावरच आल्या. "खाटेवरच्या मानसाचं माप घेत नसतात! कायले अपशकुन करून राह्यली?" मग मामाजींच्या जुन्या स्वेटरवरून माप घेतलं. पाठ, पुढचा भाग, बाह्या सुट्या विणून जोडल्या. घालून पाहिला तर मागून आणल्यासारखा लोंबत होता. मामाजींनी छातीवरची ढिली लोकर मुठीत धरली. "एवढा सुकलो मी?" म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मला रडूच फुटलं. रडतरडतच सगळा उसवला.

मी शिकवते त्या शाळेतल्या माझ्या तेलुगू सोबतिणीनं हे ऐकून डोक्याला हात लावला. ती गोल सुईवर विणते. दोन आखूड सुया आणि मधे वायर. गळ्यापासून सुरू करून खाली यायचं, शिवण नाही, आणि विणता विणता अंगावर घालून बघायचं. मधल्या सुट्टीत तिनं शिकवलं. इतकी वर्षं विणणारी मी, पण पहिल्याच खेपेला टाक्यांना पीळ पडला आणि तेही उसवावं लागलं. चिडचिड झाली, पण सोडलं नाही.

आता रोज संध्याकाळी मामाजींना उठवून बसवायचं, विणलेलं गळ्यातून घालायचं, चाचपून बघायचं. टेप नाही, म्हणून सासूबाईही गप्प. आधी ते डोळे मिटून घेत. मग "काखेत कसते" म्हणू लागले. एके दिवशी मी शाळेतून आले तर आपणहून उठून बसलेले. "आज काऊन उशीर झाला?"

स्वेटर कमरेला आला. म्हटलं, "उद्या टाके बंद करते."

"आनखी चार बोटं वाढव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं. स्वेटर मांडीला टेकला. "झगा करून राह्यली का त्यायले?" सासूबाई हसू लागल्या. शेवटी लोकर संपली, तेव्हा मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे झालं, मंग तू कायले येऊन बसशीन इथं?"

मी खाटेशीच बसून राहिले. सुया पिशवीत होत्या.