रंगनाथ सर आणि हद्दीचे दगड

रविवारी हसनाबादच्या शाळेतले आम्ही बाकीचे मास्तर जालन्याला सिनेमाला जायचो, तेव्हा रंगनाथ सर भाकरी बांधून जाफराबादची एसटी धरायचे. तिथून पुढे निजामाचं राज्य आणि वऱ्हाड यांच्यामधली जुनी हद्द. त्या हद्दीचे घडीव दगड शोधत ते बांध तुडवायचे. दगड सापडला की पायथ्याची माती तळहाताने सारखी करायचे.

"इतिहासाची आवड दिसते," मी एकदा म्हणालो.

"इतिहास कसला, सर? बहीण शोधून राह्यलो."

रझाकारांच्या धामधुमीत त्यांची माय दोन लेकरं घेऊन वऱ्हाडात पळाली होती. सर बोट धरून, तान्ही बहीण कडेवर. हद्दीवर पोचेपर्यंत तापाने पोर गेली. मायने तिला एका दगडाशी पुरलं आणि तशीच पुढे चालू लागली. आता मरायच्या आधी मायला तिथं दूध वाहायचं होतं.

पण दगडच राहत नव्हते. कुणी विहिरीला बसवले, कुणी गोठ्याला. इकडे म्हातारीही खंगत चाललेली. शेवटी सर हरले. त्यांनी तिला बैलगाडीतून, सापडलेल्यांपैकीच एका दगडापाशी नेलं. मी सोबत होतो.

"माय, हाच तो."

म्हातारीने दगड चाचपला, मावळतीकडे पाहिलं. "न्हाई रे रंगा. तिथून आपलं गाव दिसत व्हतं. मी वळून वळून पाह्यलं. इथून काय दिसतंय?"

दुधाचा तांब्या तिने उघडलाच नाही. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

सर तरीही जात राहिले. एकदा मलाही घेऊन गेले. एका वस्तीवर एक बाई तसल्याच दगडावर धुणं धूत होती. समोर सरांचं गाव स्वच्छ दिसत होतं.

"हा कुठून काढला?" सरांनी विचारलं.

"ट्रॅक्टरनं रान सपाट केलं तव्हा निघाला," तिचा नवरा म्हणाला. "इथलाच हाय."

"इथला म्हंजे बराबर कुठला?"

"आता कोण ध्यानात ठेवतं, गुरुजी?"

सर त्या नांगरलेल्या काळ्या रानाकडे बघत राहिले. बाईने पाणी आणून दिलं, ते त्यांच्या हातात तसंच राहिलं.

त्यानंतर ते कधी गेले नाहीत. निवृत्तीनंतर लवकरच अंथरुणाला खिळले. शेवटचा भेटलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले,

"बारसं व्हायचं राह्यलं व्हतं तिचं. हाक मारावी म्हणलं, तर नावच न्हाई, सर."