अडगळ म्हणून गाळलेलं

कालोलाइने बेटांच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या पाणी कचेरीत कामाला होती. लांबच्या बेटांवरच्या माणसाने नुसता ब्राउझर उघडायचा, की कोड लिहून आकडेमोड करायची त्याची वही समोर हजर. लागणारी पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, सगळी कचेरीतल्या संगणकावर. चूल एक, ताटं ज्याची त्याची! त्या चुलीची राखण कालोलाइनेकडे होती. कुणी मागेल ते पॅकेज ती घालून द्यायची. असं करता करता वही इतकी जड झाली, की बेटांवरून टोमणे यायला लागले, "चहा होतो, पिऊन होतो, पण तुझी वही काही उघडत नाही."

मग एके दिवशी तिने साफसफाई काढली. त्यात चंद्राच्या तिथी मोजणारं एक पॅकेज दिसलं. महिनाभरात कुणी हात लावलेला नव्हता. कोणाचं, कशाला, काही न विचारता तिने ते अडगळ म्हणून गाळलं. वह्या भराभर उघडू लागल्या. साहेब सिओसाइआ म्हणाले, "सोन्याचे हात आहेत गं तुझे!" आणि ती फुलून गेली.

ते पॅकेज लेसिएलीबाईंचं होतं. या हापाइ बेटांवरच्या निवृत्त शिक्षिका. गावच्या विहिरीतला खारटपणा त्या भरतीगणिक मोजायच्या, आणि वर्षाचा हिशेब मांडायचा तेव्हाच त्यांना तिथी लागायच्या. पावसाच्या पाण्याच्या टाक्या आधी कुठल्या गावाला, हे ठरवायच्या बैठकीला त्या बोटीने आल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला विहीर पिण्याजोगी राहत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी वही उघडली आणि भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, या नावाचं पॅकेज सापडत नाही.

"बाई, विहिरीआधी तुमची वहीच खारट झाली की!" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

"माझंच काही चुकलं असेल," बाई पुटपुटल्या. "म्हातारपणी बोटं कुठेही पडतात."

"नुसत्या सांगण्यावर टाक्या देता येत नाहीत, बाई. सोमवारी टाक्यांची यादी जायची आहे," साहेब म्हणाले.

मागच्या खुर्चीत कालोलाइनेने ते नाव वाचलं आणि ओळखलं, हे आपण गाळलेलंच. परमेश्वर पाहतोय हे तिला ठाऊक होतं. तरी ती उठली नाही.

बैठक संपताच तिने पॅकेज परत घातलं, सगळं नव्याने बांधून चालू केलं. दुपारी बाईंनी पुन्हा वही उघडली तर विहिरीच्या खारटपणाची रेघ उधाणागणिक वर चढलेली. पण बघायला आता साहेब कुठे होते? ते दुसऱ्या बैठकीत.

"तू दुरुस्त केलंस होय पोरी? देव तुझं भलं करो," म्हणत बाईंनी बोटीतल्या जेवणासाठी आणलेलं लू, अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण, तिच्या हातात ठेवलं. तिने ते घेतलं. हेच तिच्या मनाला पुढे सगळ्यात जास्त लागलं.

पान काही तिच्याने उघडवेना. ते तसंच घेऊन ती धक्क्यावर धावली.

"बाई, तुमची बोटं चुकली नव्हती. ते पॅकेज मीच काढलं होतं."

लेसिएलीबाईंनी कमरेच्या किएकिएची, त्या विणलेल्या पट्ट्याची, गाठ घट्ट केली. "मग सकाळी गप्प का बसलीस?"

"सगळे माझं कौतुक करत होते, बाई."

"मला सांगून तुझं ओझं उतरेल गं. माझं कसं उतरायचं? हसले ते तिथे. सांगायचं तर तिथे सांग." लू परत द्यायला तिने हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. सांगून झाल्यावर खा."

बोटीचा भोंगा वाजला. कालोलाइने आली तशी उलट पावली कचेरीकडे धावली. सिओसाइआ दाराला कुलूप घालत होते.

"साहेब, थांबा," ती धापा टाकत म्हणाली. "ती वही मी खारट केली होती. आत चला, विहीर दाखवते."