तीस मिली कमी

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात माझ्यावर चोरीचा आळ आला. तोही स्पिरिटचा! कपाशीची बोंडअळी बरणीत टिकवायची तर तिला आधी निम्मं पाणी घातलेल्या स्पिरिटात ठेवतात. एकदम कडक स्पिरिटात ती आखडून जाते. अर्धा लिटर स्पिरिट आणि अर्धा लिटर पाणी मी नीट मोजून मिसळलं. लिटरच्या खुणेला तीस मिली कमी पडलं. माझ्या आधीचे लोक वरून पाणी घालून खूण गाठायचे, म्हणून आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. हे मला मागाहून कळलं. मी आपलं जेवढं भरलं तेवढं वहीत लिहिलं.

स्टोअरकीपर काकांनी वही पाहिली आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "काऊन वं, तीस मिली कोठी गेलं? बापावर गेली वाटते पोरगी."

माझा बाप एके काळी गुडीहत्नूर गावाच्या रस्त्याकडेला पडलेला सापडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं दारू सोडून सात वर्षं झाली, हे मात्र कोणाच्या लक्षात नव्हतं. माझं डोकं फिरलं. नोकरी कंत्राटी, प्रिन्सिपलसरांच्या एका शब्दावर जाणारी. पण गप्प बसले असते तर ते तीस मिली जन्मभर माझ्याच पोटात गेले असते.

मी काचेची मोजपात्रं उचलली आणि थेट सरांच्या खोलीत गेले. सर तेलुगू, आमचं बोलणं हिंदीत. "सर, आपके सामने नापेंगे. काका डालेंगे, मैं हाथ भी नहीं लगाऊंगी."

आधी मी काकांना पाण्यात पाणी ओतायला लावलं. अर्धा आणि अर्धा, बरोबर लिटर. म्हणजे मोजपात्रं खरी. मग त्यांनीच स्पिरिट मोजलं, त्यांनीच पाण्यात ओतलं, त्यांनीच काचेच्या कांडीनं ढवळलं. मी हाताची घडी घालून उभी.

"भांडं गरम काऊन होऊन राह्यलं?" काका दचकले. थंड झाल्यावर त्यांनी खूण पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. टेबलाखाली वाकून सांडलंय का तेही पाहून घेतलं.

तीस मिली कमी!

सर खो खो हसले. पाणी आणि स्पिरिट एकमेकांत दाटून बसतात, म्हणून जागा कमी लागते, असं त्यांनी समजावलं. मला लगेच पटलं. पायलीभर ज्वारीत पायलीभर तीळ ओतले तर कुठे दोन पायल्या भरतात?

"काका," मी म्हटलं, "आता माह्या बापाचं बोला."

काकांची मान खाली गेली. "चुकलं माहं, बाई. बापाचं नाव घ्याले नाही पाहिजे होतं."

खोटं कशाला बोलू, मला भयंकर आनंद झाला. बसमध्येही मी एकटीच हसत होते.

बाप मेथीच्या वाफ्यात निंदण करत होता. दारू हा शब्द आमच्या घरात सात वर्षं कोणी उच्चारला नव्हता. मी बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं, काकांचं बोलणंसुद्धा. विळा थांबला. हातातल्या तणाची माती त्यानं झटकली.

"पाणी टाकलं का कमी भरते?" तो म्हणाला. "मले कसं कळन पोरी? मी तं कदीच पाणी टाकलं नाही."

आणि आधी तो हसला, मग मी.