'आपण' आणि 'आम्ही'

खालच्या मजल्यावरचे देशपांडे मुलीकडे कॅनडाला सहा महिने राहून आले, तेव्हापासून "आपण सगळे जगाचे नागरिक" म्हणत असतात. मला त्या 'आपण'चाच संशय येतो. माणसं जितकी लांबची, तितका हा शब्द सहज तोंडात येतो. परवा आमचा नेपाळी वॉचमन बादली घेऊन नळाशी आला, तर हेच देशपांडे म्हणाले, "आमच्या टाकीचं पाणी बाहेरच्यांना नाही." बारा वर्षं गेटवर राहतोय तो! मला मनातून बरं वाटलं, पकडलं एकदाचं यांना.

आज सकाळी वॉचमनने मला विचारलं, "साहेब, आपल्याकडे पाणी आलं का?"

मी चहा पीत म्हणालो, "हो, आमच्याकडे आलं."