उभ्याने काढलेली वर्षं

तिशीच्या आसपास मला बसता येईनासं झालं. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नसे. चालता येत नाही, हे लोकांना समजतं. मी मात्र काठी टेकत का होईना चालत होतो, उभा राहत होतो, आडवा होत होतो. फक्त बसणं गेलं होतं.

सुरुवात सत्तरच्या दशकाच्या शेवटी झाली. नवीन लग्न, नाशकात सिडकोत दोन खोल्या आणि अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी. सकाळी उठलं की पाठ लाकडासारखी व्हायची आणि दुपारपर्यंत सैल पडायची. गादीचा दोष असेल म्हणून ती बदलली. मग दुखणं खाली उतरलं आणि दोन्ही खुबे हळूहळू आखडत गेले. डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं थोडं दबलं, पण खुबे काही सुटले नाहीत. शेवटी मांडी आणि कंबर जणू एकाच हाडाची झाली.

नोकरी टिकली ती ड्रॉइंग बोर्डामुळे. बोर्ड उभा असायचा आणि बाकीचेही निम्मा वेळ उभेच असायचे. सायकल सुटली, म्हणून मी सिडकोतून चालत जायचो. सासुरवाडी विंचूरला. तिकडे जाताना एसटीत रिकामी सीट असली तरी मी दांड्याला धरून उभा, आणि कंडक्टर दर वेळी म्हणायचा, "अहो साहेब, बसा की." बुद्धविहारात वंदनेला सगळे खाली बसत आणि मी मागे भिंतीशी. घरात बायकोने छातीच्या उंचीवर एक फळी ठोकून घेतली होती. त्या फळीवर ताट ठेवून मी जेवायचो. पहिले काही दिवस ती खाली बसून जेवली. मग एके दिवशी आपलं ताटही उचलून फळीवर ठेवलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मी म्हटलं, "तू बस ना." तर म्हणाली, "खालून तुमच्याशी बोलायचं म्हंजी लय मान दुखती."

संडासाचं सांगायला अजूनही संकोच वाटतो. पण ज्यांना हे दुखणं आहे त्यांचा दिवस तिथूनच सुरू होतो, म्हणून सांगतो. सुताराकडून उंच, पुढे उतरती, मध्ये भोक पाडलेली एक घोडी करून घेतली होती. तिच्यावर टेकून कसंबसं निभावायचं. पाहुणे आले की बायको ती घोडी चादरीखाली झाकून ठेवायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नाशकात एक तरुण सर्जन आले. खुबा बदलण्याचं ऑपरेशन ते मुंबईत शिकून आले होते. मला टेबलावर झोपवून त्यांनी पाय हलवून पाहिले. पायाबरोबर सगळं अंगच हललं. मग त्यांनी विचारलं, "ऑपरेशननंतर तुम्हाला काय करता यायला हवं?"

"बसता."

"चालण्याचं नाही म्हणालात?"

"चालतो की मी."

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. जुना सांधा काढून तिथे धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवायची, असं त्यांनी समजावलं. एका वेळी एकच बाजू. पू होऊ शकतो, सांधा निखळू शकतो, काही वर्षांनी ढिला पडू शकतो. आणि जमिनीवर मांडी घालून बसायला यापुढे कायमची बंदी.  बायको म्हणाली, "खुर्चीवर बसतील ना? मग झालं. जमीन काय करायची हाय?"

पहिल्यांदा डावी बाजू केली. ऑपरेशन फार लांबलं. आखडलेलं हाड फोडून काढताना रक्त बरंच गेलं, असं नंतर कळलं. काही दिवसांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला पलंगाच्या कडेला आणलं आणि म्हणाल्या, "आता मागे टेका, सोडा अंग." मला अंग सोडता येईना. इतक्या वर्षांत शरीर ते विसरूनच गेलं होतं. शेवटी एकदाचा टेकलो. उजवा पाय काठीसारखा पुढे ताठ, डावा गुडघ्यात वाकून खाली लोंबकळणारा. मी त्या गुडघ्याकडे बघत राहिलो. बायको समोर येऊन उभी राहिली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, ती माझ्यापेक्षा उंच दिसली. "आता कसं," एवढंच बोलली आणि तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

पुढे पाय मोजले, तेव्हा डावा आखूड निघाला. डॉक्टरांचा चेहरा पडला. जोड्याला जाड तळ लावावा लागेल, लंगडणं राहील, असं सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "डॉक्टर, मी बसून बोलतोय तुमच्याशी." त्यांनी मान हलवली, पण समाधान काही झालेलं दिसलं नाही.

पुढच्या वर्षी उजवी बाजू केली. या खेपेला सगळं मनासारखं झालं. एक्स-रे काचेवर लावून त्यांनी मला दाखवला. मी जन्मभर रेघा ओढलेला माणूस. सांधा कसा नेमका मध्यावर बसलाय, ते मलाही दिसलं. बाहेरगावचे डॉक्टर आले की ते मला बोलवायचे आणि उजवी मांडी वर-खाली करून दाखवायचे. पाहुणे वाखाणायचे.

पण त्या उजव्या मांडीत पुढच्या बाजूला एक ठणका राहिला. चालायला सुरुवात केली की उठायचा, थोडं चाललं की मंदावायचा. डावा आखूड, बेढब. पण तो कधीच दुखला नाही. अशाच एका तपासणीला पाहुणे निघून गेल्यावर मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा काचेवर लावला आणि बराच वेळ पाहिला.

"यात काहीच दिसत नाही हो."

"नसेल. पण दुखतं."

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "खरं सांगा, कोणता पाय चांगला झाला?"

"डावा."

"मला तो आठवला की वाईट वाटतं," ते म्हणाले.

बायको मध्येच बोलली, "वाईट नका वाटून घेऊ, डॉक्टरसाहेब. आता एसटीत हे खिडकीशी बसत्यात. मला उभं राहावं लागतं."

त्या दिवशी डॉक्टर खदखदून हसले. ठणक्याला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनी तसंच सांगितलं. मला ते आवडलं.

त्यानंतर ऑपरेशनला बिचकणाऱ्या पेशंटना ते माझ्याकडे पाठवू लागले. एकदा मालेगावचे एक विणकर आले, साठीचे असतील. मागावर दिवसभर उभं राहून त्यांचा खुबा झिजला होता आणि दुखण्याने झोप उडाली होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "नमाज में बैठ सकूँगा?"

मी सांगितलं, "खुर्चीवर. जमिनीवर नाही."

ते चहा पिऊन उठले आणि गेले. मला वाटलं, आता हे करून घेणार नाहीत. पुढे बऱ्याच महिन्यांनी दवाखान्यात भेटले, तेव्हा हातात नवी काठी होती. मी विचारलं, "कसं आहे?"

"दर्द गया. रात को सोता हूँ," ते म्हणाले. मग म्हणाले, "माथा जमीन को नहीं लगता, सजदा अधूरा लगता है. अल्ला समझ लेगा."

त्यांनी बाकावर बाजूला सरकून जागा केली, आणि आमचे नंबर येईपर्यंत आम्ही मागांबद्दल बोलत बसलो.