शंकराच्या जागी बसलेला राजा

तरुणपणी मला सगळंच कळायचं. यजमानांनी कतारमध्ये, दोहाच्या बाजारातून एक जुनं तांब्याचं नाणं आणलं. त्यावर एक चेहरा आणि वर चंद्रकोर. "हा शंकरच!" असं सांगून मी तिथल्याच अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमधल्या देव्हाऱ्यात त्याची स्थापना केली. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाच्या लोंब्या होत्या, त्यांना मी बेल ठरवलं. मग दर सोमवारी दुधाचा अभिषेक.

परवा नात म्युझियममधून आली. तिथे तिनं तसंच नाणं पाहिलं होतं.

"आजी, ही इज नॉट गॉड! आफ्रिकेत पूर्वी अक्सूम नावाचं किंगडम होतं ना, तिथला किंग आहे. ही नाणी सापडली म्हणून तो होता हे तरी कळलं. काढ त्याला तिथून! आणि दुधानं कॉइन खराब होतं."

"अभिषेक खलास," मी म्हटलं. "पण राजा हलणार नाही. आजोबांचा व्हिसा, तुझ्या बाबांचे निकाल, सगळं त्याच्याकडेच मागितलंय मी. बिचारा एकदाही म्हणाला नाही, की बाई, हे माझं खातं नव्हे."

नातीनं नाण्याकडे जरा वेळ पाहिलं.

"ओके, राहू दे. गुरुवारी माझी मॅथ्सची टेस्ट आहे."