मामा आणि म्हातारा तिरंदाज

हळहळण्याची स्पर्धा भरली, तर माझ्या बायकोचे मामा आरामात पहिले येतील आणि बक्षीस घेऊन परतताना म्हणतील, "दुसरा नंबर घ्यायला पायजे होता राव, त्याची ढाल लई भारी दिसत होती." उभी हयात एसटी चालवून मामा टीव्ही सेंटर भागात आमच्या शेजारी राहायला आले, पण स्वतः घेतलेला एकही निर्णय त्यांना कधी पटलेला मी पाहिला नाही. दिल्ली गेटवरून रिक्षानं गुलमंडी गाठली, की सेव्हन हिलच्या रस्त्यानं बरं पडलं असतं का, हे पाहायला ते घरी येऊन पुन्हा निघत. बिडकीनच्या एका लग्नात जिलबी खाल्ल्यावर बुंदी राहिल्याची हळहळ एवढी वाढली, की वरमाईनं बुंदीचा डबाच बांधून दिला. गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, "जिलबी टिकली असती नाय?" मामींनी काच खाली करून तोंड बाहेर काढलं.

अशा माणसाला मी मोबाइलवर लढाईचा गेम दिला. सैनिकांची एक टोळी, बुद्धिबळासारख्या चौकटी, आधी आपली चाल, मग शत्रूची. मधूनमधून गेम विचारतो, जंगलातून जायचं की पुलावरून? मामा हा प्रश्न दूधवाल्याला विचारत, मामींना विचारत, मला ऑफिसात फोन करत. जंगलातून गेले, की गेम मागं नेऊन पुलावरून जात. त्या टोळीत एक कुरकुऱ्या म्हातारा तिरंदाज होता. मामांचा त्याच्यावर फार जीव. "ह्याला म्होरं नाय ठेवायचं, दम लागतो त्याला," म्हणत. मग किल्ल्याची लढाई आली. किल्ला जिंकला आणि तिरंदाज कोसळला. मामांनी सगळं पुन्हा खेळून पाहिलं. त्याला मागं ठेवलं, वैद्याला त्याच्या शेजारी उभं केलं, जंगल, पूल, दोन्ही वाटा धरल्या. म्हातारा मरायचा तो मरायचाच. शेवटी मामीच माझ्याकडं आल्या. "जेवण सोडलंय हो ह्यांनी. कोण म्हातारा मरतोय म्हणे."

मी गेलो. तो गेम मी स्वतः संपवला होता. म्हणालो, "मामा, तो मरतोच. गोष्टच तशी लिहिलीये." ते चिडतील असं मला वाटलं होतं. खेळताना मी चिडलो होतो. दर वळणावर आपल्याला विचारायचं आणि खरं महत्त्वाचं परस्पर ठरवून टाकायचं, ही फसवणूकच.

मामांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. "कसंबी खेळलं तरी?"

"कसंही."

"मंजी माझी चूक नाय?"

"नाही, मामा."

त्यांनी चष्मा काढला, मोठा श्वास सोडला आणि मामींनाही कधी न सांगितलेलं सांगितलं. कन्नडच्या घाटात गाडी उतरत असताना त्यांच्या जुन्या कंडक्टरच्या छातीत कळ आली. मामांनी गाडी तशीच खाली चाळीसगावला दवाखान्यात नेली. तोवर सगळं संपलं होतं. "डॉक्टर म्हनले, काहीच करता आलं नसतं. पर मला वाटायचं, माघारी कन्नडला न्यायला पायजे होतं."

"घाटात बस वळते?" मी विचारलं.

"नाय ना," मामा म्हणाले आणि पुन्हा म्हणाले, जणू त्यांनाच ते आत्ता कळलं होतं, "वळवायला जागाच नव्हती." मग आत वळून ओरडले, "वाढ गं!" मामींचा जीव भांड्यात पडला.

रविवारी मला घेऊन ते कन्नडला कंडक्टरच्या घरी गेले. अंत्यविधीनंतर त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. दारात कंडक्टरच्या पत्नी, पांढऱ्या केसांच्या वहिनी आल्या.

"वहिनी, त्या दिशी घाटात..." मामांनी सुरुवात केली.

"ठाऊक हाय भाऊजी. तुमी गाडी कशी आनली, ते पॅसेंजरनी सांगितलंय मला. बसा."

मामा बसले. वहिनींनी पदरानं डोळे टिपले. "ते गेले, ते काय कुनाच्या हातात नव्हतं. तुमी यायचं सोडलं, त्याचंच लई वाईट वाटलं."

उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. दोघं जुन्या गाडीच्या, जुन्या प्रवाशांच्या गोष्टी सांगत हसत होते, आणि मी एकदाही निघायचं म्हणालो नाही.